अडकलेला फिल्टर, कललेली भिंत

१४ ऑक्टोबर, सोमवार

भिंत आणखी कलली आहे. कॅमेऱ्यातून पाहिलं की स्पष्ट दिसतं – मध्यावर पोट सुटलंय. मागच्या प्लॉटवर राजवर्धनने पार्किंगसाठी खड्डा मारलाय, तोही आमच्या सामाईक भिंतीच्या पायाला लागून. भिंतीच्या अलीकडे आमची मोरी. तिथे चिमणाबाई रोज भांडी घासायला बसते.

खड्ड्याचं काम थांबवा म्हणून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज केलाय, तिथल्या अभियंत्याला फोटो दिले होते. आज परत केले. "मॅडम, सगळे धूसर आहेत. आणि आहे त्यातसुद्धा भिंत सरळच वाटते." चष्मा बदला म्हटलं. शुक्रवारी पाहणीला येतो म्हणाला – तोवर नीट फोटो काढून ठेवा.

फोटो धूसर येतात हे मात्र खरं. लेन्सच्या पुढे संरक्षणाला फिल्टरची काच असते, आट्यांवर फिरवून बसवलेली. तिच्या आत ओल जाऊन बुरशी धरली आहे. फिल्टर काढायचा, पुसायचा, इतकंच काम. पण तो निघत नाही. जुलैत पन्हाळ्यावर जेवायला गेलो होतो, तिथल्या कट्ट्यावरून कॅमेरा पडला. फिल्टरच्या कडेला पोचा आला, आटे धरून बसले. कट्टाच उतरता होता. कोणी बांधला कोण जाणे.

१५ ऑक्टोबर

भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून पिळला. नाही. कडेभोवती रबरबँड गुंडाळून पिळला. नाही. मनगट मात्र सुजलं.

माधव म्हणाला, "दुकानात देऊ या, प्रमा." गेलो. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा हातात घेऊन टांग्याचं चाक बघावं तसा बघितला. "ह्यो आता करवतीच्या पात्यानंच कापाय लागतोय. लेन्सला चरा गेला तर माझ्याकडं येऊ नका." म्हटलं, मग तुमच्याकडे यायचं तरी कशाला? कॅमेरा उचलला आणि घरी आले.

चिमणाबाईला मोरीत बसायला बंदी केली. भांडी गच्चीवर घासायची. ती ऐकेल तर शपथ. "बाई, भित्ताड पडाय आलं असतं तर मांजर निजलं असतं का त्येच्या बुडाला?" मांजर खरंच तिथे निजलं होतं. म्हटलं, मांजराला इमारतींतलं कळत नाही. "आन् आपल्याला कळतंय व्हय," म्हणाली आणि भांड्यांची पाटी आदळत वर गेली.

१६ ऑक्टोबर

वर्तमानपत्राची छपाई फार बिघडली आहे. ओळीतली मधलीच अक्षरं पुसट. कार्यालयात फोन करून सुनावलं. पलीकडची मुलगी म्हणाली, बाकी कुणाची तक्रार नाही. नसणारच. बाकीचे वाचतात कुठे?

फोन ठेवला तर माधव माझ्याकडे बघत होता. काय झालं म्हटलं. काही नाही म्हणाला.

दुपारी राजवर्धन आला. वागायला गोड आहे, तेच वाईट. "काकू, तुमच्या अर्जानं माझं काम लटकलंय. भिंत सरळ हाय की ओ! आमच्या गवंड्यानं बघिटली, इंजिनिअरनं बघिटली."

"पगार कोण देतो त्यांना?"

"मीच देतोय. मग काकांना इचारा की. त्यांना तर मी देत न्हाय."

माधव चहाच्या कपात बघत बसला. बायकोच्या बाजूने एक शब्द नाही!

दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी अख्खी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. मोठमोठ्या पाटलांचं दूध परत पाठवलं. दिसलं ते लिहिलं, कुणाच्या बापाला भ्यायले नाही. त्याच्याही आधी, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला फुटपट्टीशिवाय रेघ मारायला लावायच्या. वर्गात सगळ्यात सरळ रेघ माझी. आता हा राजवर्धन मला सरळ काय ते शिकवणार.

१७ ऑक्टोबर

निघाला!

उपाय चिमणाबाईच्या पायात होता. आमच्या घरात चपला सगळ्या चामड्याच्या, तिची एकटीची रबरी स्लीपर. रबरावर कड चहूबाजूंनी सारखी धरली जाईल असं डोक्यात आलं. स्लीपर धुऊन उलटी ठेवली, लेन्स तिच्यावर उपडी टेकवली. नुसती टेकवली – दाबली की आटे आणखी आवळतात. मग अलगद डावीकडे फिरवली. कर्र झालं आणि फिल्टर हातात.

चिमणाबाई कपाळाला हात लावून उभी. "पूजेतल्यागत जपता त्यो कॅमेरा, आन् माझ्या पायताणावर ठिवला?"

बुरशी निघाली ती सगळी फिल्टरच्या आतल्या बाजूला. लेन्स लख्ख आहे. लगेच भिंतीचा फोटो काढला. माधवने संगणकावर मोठा करून बघितला. विटेवरचा चुन्याचा कण न् कण दिसतोय, म्हणाला. मग – "सरळ आहे गं."

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. भिंतीचं पोट तिथेच. आणि मधोमध तो राखाडी डाग, ज्याला मी इतके दिवस बुरशी समजत होते.

लेन्स पुसली. मागची, डोळा लावायची काच पुसली. पुन्हा पुसली.

डाग आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

अभियंता यायच्या आत गच्चीवरून भिंतीलगत दोरा सोडला, टोकाला कुलूप बांधलं. गवंड्याचा ओळंबा असतो तसा. वजन लावलेला दोरा खोटं बोलत नाही. भिंत कुठे सुटली आहे ते सगळ्यांसमोर बोटाने दाखवणार होते.

कॅमेरा नेहमीसारखा उजव्या डोळ्याला लावला. भिंत वाकडी. दोराही वाकडा, त्याच जागी, तितकाच.

ताणलेला दोरा वाकत नाही.

कॅमेरा खाली ठेवला. डावा डोळा मिटला, दोरा वाकला. उजवा मिटला, दोरा सरळ. भिंत सरळ. किती तरी वेळ तेच करत राहिले. कुलूप हलायचं थांबलं होतं.

अभियंता आला, मागून राजवर्धन. तो भांडायच्या तयारीने आलेला. "बघा काकू, दोरा कसा चिकटून हाय भिंतीला. कुटं फट हाय दावा."

"कुठेच नाही," मी म्हटलं. "अर्ज मागे घेते."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "काकू, बरं वाटत न्हाय का?"

चिमणाबाईला म्हटलं, उद्यापासून मोरीतच बस.

१९ ऑक्टोबर

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. काय दिसतं ते सांगितलं, सोमवारची वेळ मागितली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत थांबू नका, आत्ता निघा. सरळ रेघ वाकडी कधीपासून दिसते?

आठवडा झाला असेल, म्हटलं.

माधवने माझ्या हातातून फोन घेतला.

"जुलैपासून," तो म्हणाला. "पन्हाळ्यावर तिने कॅमेरा कट्ट्यावर ठेवला नव्हता, कट्ट्याच्या बाहेर ठेवला होता."