वरची सही, खालची सही

दि. ४ मार्च

चि. भावास ताईचे आशीर्वाद.

वि. वि. एवढंच की तुझ्या शहाणपणापायी आम्ही परक्या मुलखात अडकून पडलोय. परदेशात वटणारे ते प्रवासी चेक माझ्या नावाने घे, असं मी तुला तीनदा सांगितलं होतं. एकदा तुझ्या घरी, एकदा बसमध्ये आणि एकदा बँकेच्या पायरीवर. तू म्हणालास, ताई, तुझी सही दर वेळी वेगळी येते, दाजींच्या नावाने घेऊ. चौथी शिकलेल्या बाईचं मास्तर कशाला ऐकतील! आता घे.

काल इथल्या बँकेत गेलो. काचेमागे एक पोरगेलासा कॅशियर. तू पढवून पाठवलं होतंस तसंच केलं. वरची सही चेक विकत घेताना झालेली, खालची कॅशियरच्या डोळ्यांदेखत करायची, दोन्ही जुळल्या की पैसे. पण यांचा हात! विमानातून उतरल्यापासून अंगठा आणि पहिलं बोट साफ गेलंय. पेन धरलं तेच मुठीत, आमटीचा डाव धरावा तसं. सही अशी आली की जणू कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली. कॅशियरने वर बघितलं, खाली बघितलं, यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे केलेल्या दोन चेकांवर तांबडी रेघ मारून ते परत दिले. मागची रांग आमच्याकडे चोरांकडे बघावं तशी बघत होती. हे खाली मान घालून उभे. मी त्या पोराला आपल्या भाषेत काय काय बोलले ते त्याला कळलं नाही, नशीब त्याचं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात गेला म्हणजे काय गेलं, हे तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, कोपरापाशी नस दबली आहे, अजून जीव आहे तिच्यात. २४ एप्रिलला ऑपरेशन ठरलंय. सगळे पैसे २२ च्या आत भरायचे, नाहीतर बेड दुसऱ्याला. पुढचा नंबर पाच महिन्यांनी, आणि तोवर नस वाळून जाईल म्हणाले. हॉस्पिटल हे चेक घेत नाही. त्यांना रोख पाहिजे.

पैसे तीन ठिकाणी ठेवा म्हणालास, ठेवले. थोडे रोख माझ्या परकराच्या खिशात, चेक यांच्या कोटात, पावती पेटीच्या तळाशी. चोराच्या हाती लागणार नाहीत म्हणालास. खरं आहे, आमच्याही लागत नाहीत. परकरातल्या पैशांवर लाँड्रीवरच्या या खोलीचं भाडं आणि दोघांचं पोट एप्रिलअखेर निघेल, जास्त नाही. काय ते लवकर कर.

तुझ्याकडे ठेवलेल्या आमच्या पोरीला सांग, वेणी रोज घालायची. रागाने लिहिलं तरी माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल आले. पत्र हातात धरले तर चटका बसेल असे होते, तरी दोनदा वाचले. नावाच्या बाबतीत तू म्हणतेस ते मान्य. पण त्या वेळी दाजींचा हात इतका गेलेला नव्हता, नुसता थरथरत होता. तीन महिन्यांच्या दुखण्याचे असे होईल हे मला कसे कळावे?

इथून नवे पैसे पाठवणे शक्य नाही. परदेशी चलनाची परवानगी एकदाच मिळते, आणि ती सगळी त्या चेकांत गेली आहे. पण घाबरू नकोस. आज मधल्या सुट्टीत बँकेत जाऊन आपल्या ढापण्याला भेटलो. (पोरीने ऐकले आणि विचारले, काकांना खरे नाव नाही का. शाळेत पहिल्यांदा चष्मा लागला तो दिवस त्याला अजून भोवतोय.) चेक त्यानेच विकले असल्यामुळे त्याला सगळे ठाऊक आहे. त्याने सांगितले ते नीट वाच.

ज्या कंपनीचे हे चेक आहेत तिचे ऑफिस तुमच्या शहरात आहे. तिथे जायचे. हॉस्पिटलचा दाखला न्यायचा, की हात निकामी झाल्यामुळे सही जुळत नाही. मग दाजींनी एका कागदावर लिहून द्यायचे, की वरच्या सगळ्या सह्या मीच केल्या आहेत, आणि खाली अंगठा. कंपनी इथल्या बँकेला विचारेल. ढापण्या लगेच कळवेल की हो, माझ्यासमोर झाल्या. तो म्हणाला, ताईला सांग, आठ दिवसांत पैसे हातात.

म्हणजे एका ओळीचे काम आहे. आता तरी त्या कॅशियरला माफ कर.

पोरगी मजेत आहे. वेणी माझी बायको घालते, मी घातली तर ती शाळेत जात नाही. दाजींना नमस्कार. या धाकट्यावर लोभ ठेव आणि पुढचे पत्र थोडे गार करून पाठव.

तुझा भाऊ

दि. २० मार्च

चि. भावास आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. हॉस्पिटलात आपली भाषा बोलणारी एक नर्सबाई भेटली आहे. तिला घेऊन त्या ऑफिसात गेलो. टेबलावरची बाई चांगली निघाली. खुर्ची दिली, दाखला वाचला, यांच्या हाताकडे बघून हळहळली. फॉर्म पुढे केला. एक ओळ लिहायची आणि अंगठा उठवायचा. शाईचा डबासुद्धा तिने उघडून ठेवला.

आणि हे अंगठा देईनात. मी कोपर मारलं, पायावर पाय दिला, तरी नाही. उठले आणि सरळ बाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहिले. मी कोरा फॉर्म उचलून मागोमाग. हातात जोर नाही, पण हट्टात किती आहे बघ. तेव्हापासून दोन दिवस मी यांच्यापुढे ताट आदळते. हे पुसून-निपटून जेवतात.

का देईनात, ते आता तुला सांगावं लागणार. ढापण्याला सांगू नकोस, आधी तू वाच.

त्या वरच्या सह्या यांच्या नाहीत. माझ्या आहेत.

दुखणं तीन महिन्यांचं नाही रे, दीड वर्षाचं आहे. हात कापतो म्हटल्यावर घड्याळ कोण देणार दुरुस्तीला? म्हणून कुणाला कळू दिलं नाही, तुलाही नाही. बारीक घड्याळं हे कामात आहोत म्हणून परत पाठवायचे, मोठी तेवढी घ्यायचे. आणि पावतीवरची सही मी करायचे. दिवसाला दहा-बारा, दीड वर्ष. माझी सही माझ्या नावाने वाकडी येत असेल, यांच्या नावाने डोळे मिटून करते.

बँकेत त्या दिवशी गर्दी होती, आठवतं? तुला ढापण्याने पासपोर्टाची नक्कल आणायला पाठवलं. आम्हाला म्हणाला, त्या बाकावर बसून सह्या उरका, मी बघतोच आहे. यांनी पेन उघडलं, एक रेघ ओढली तीही थरथरली. चोवीस चेक होते. मी पुस्तक मांडीवर ओढलं आणि सगळे उरकून टाकले. तू परत येईस्तोवर शाई वाळली होती. ढापण्याने वर मान न करता शिक्के मारले. त्याचं बघणं तेवढंच.

म्हणून खालची सही जुळत नाही. यांचा हात चांगला असता तरी माझ्याइतकी जुळली नसती.

तू आता यांना चार ओळी खरमरीत लिही. एका अंगठ्यासाठी हात घालवायला निघालाय हा माणूस. माझं ऐकत नाहीत, तुझं मास्तर म्हणून ऐकतील.

शिव्या घालायच्या तर घाल, पण मनातून काढू नकोस.

तुझी ताई

दि. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दीड वर्ष मी दर रविवारी तुमच्या दुकानात बसून चहा पीत होतो आणि मला पत्ता नाही. असो, तो राग तुम्ही परत आल्यावर काढीन.

तू काय करून बसली आहेस ते तुला कळलेले नाही. प्रत्येक सही डोळ्यांसमोर करून घेणे हे ढापण्याचे काम होते. त्याने बघितले नाही हे बाहेर आले तर अठरा वर्षांची नोकरी धोक्यात. हेडक्लार्कच्या जागेसाठी त्याचे नाव वर गेले आहे, घरी दोन मुली लग्नाच्या आहेत. त्याने ओळखीखातर आपल्याला रांगेत पुढे घेतले, हा त्याचा गुन्हा. मी त्याला यातले काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

सोबतची चिठ्ठी दाजींना दे. हात जोडून लिहिले आहे, की ती एक ओळ द्या. कुणाचे नुकसान नाही, पैसे आपलेच आहेत. ढापण्या बिचारा खरे समजून हो म्हणेल आणि सगळे मिटेल. दुसरा कुठलाही विचार मनात आणू नकोस.

पोरीला ताप येऊन गेला, आता बरी आहे. लोभ आहेच, तो या सगळ्यातून शिल्लक राहो.

तुझा भाऊ

दि. ५ एप्रिल

चि. भावास आशीर्वाद.

वि. वि. पोरीच्या तापाचं एका ओळीत उरकलंस, पुढच्या वेळी नीट लिही. तुझी चिठ्ठी यांना वाचून दाखवली. ऐकून घेतली आणि फॉर्म नर्सबाईकडून पुन्हा वाचून घेतला, अक्षर न् अक्षर. त्यात खाली बारीक लिहिलंय, की सह्या मुख्य ऑफिसात तपासायला जातील. यांनी विचारलं, तिथे सह्या माझ्या नाहीत असं निघालं तर? मी अंगठा देऊन मोकळा, आणि माझ्यासमोर झाल्या असं लिहून देणारा ढापण्या कुठे जाईल? आत्ता तो नुसता न बघणारा आहे. आपण त्याला खोटं बोलणारा करायचा, तोही त्याला न सांगता?

मी फॉर्म घडी घालून पेटीत टाकला.

म्हणून परवा मी एकटी नर्सबाईला घेऊन गेले. एका ओळखीच्या बाईचं म्हणून सगळं विचारलं. टेबलावरची बाई माझ्याकडे बघून हसली, पण तिने सांगितलं. बायकोने सह्या केल्या असं बायकोने लिहून दिलं, आणि गर्दीत बघायचं राहिलं असं विकणाऱ्या बँकेने तारेने कळवलं, तर हे चेक बिनसहीचे धरतात. नंबर त्यांच्याकडे आहेतच. ते रद्द करून तीन दिवसांत नवे देतात, माझ्या नावाचेसुद्धा. बँकेची तार नसेल तर आपण आपल्या देशात परतल्यावर चौकशी, सहा महिने, वर्ष.

माझा कागद मी लिहून ठेवलाय. नर्सबाईने त्यांच्या भाषेत लिहिला, खाली माझी सही, माझ्या नावाची, वाकडी. पण ढापण्याला कळल्याशिवाय मी तो कागद देणार नाही. तू म्हणतोस सांगणार नाही. सांग. ही सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेव आणि तू गप्प बस. त्याला मुली आहेत, जागा मिळायची आहे, हे मला कळतं. तो नाही म्हणाला तर मी त्याला एका शब्दाने दुखावणार नाही, त्याच्या मुलींच्या लग्नात पंगत वाढायला येईन. यांनीही तसंच कबूल केलंय. पण नाही म्हणायचं तर ते त्याने म्हणायचं. त्याच्या वतीने तू नाही. नोकरी त्याची, हात यांचा, आणि दोघांचं ठरवायला मधे तू कोण?

मी चुकले, हे त्याला सांग. बाकावर बसले तेव्हा चुकतेय हे कळत होतं, तरी केलं, हेही सांग. माफी मी तोंडाने मागेन, तारेत पैसे पडतात.

१६ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वाट बघते. १७ ला सकाळी मी एका रांगेत उभी राहणार, त्या ऑफिसच्या नाहीतर परतीची तिकिटं अलीकडची करून घ्यायच्या. आपली माया या तारेवर टांगलेली नाही, ती आहे तिथे राहील. पण तार आलीच पाहिजे, हो असो की नाही असो. आणि खाली त्याचं नाव पाहिजे, तुझं नको.

तुझी ताई