ब्रेक डाव्या पायाला

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मेणबत्ती तीनदा विझली. चौथ्यांदा शॅननने दोन्ही हातांचा आडोसा केला आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. नव्या ड्रेसला माती लागली तरी हलली नाही. आज मृतांचा दिवस. पापडीच्या वाड्यांत एक फूल शिल्लक राहिलं नसेल, सगळी फुलं कबरींवर. ॲन्सेल्मच्या कबरीवर मी आपल्याच वाडीतला झेंडू ठेवला.

दोन ओळी पलीकडे बर्नार्ड उभा होता, हातात हार घेऊन. आम्हाला पाहिलं आणि हार तसाच घेऊन मागच्या मागे निघून गेला.

"मम्मी, अंकल आपल्याला बघून गेले ना?"

"असेल काही काम."

काम! आजच्या दिवशी, इथे येऊन, हार हातात धरून परत जाण्याचं कसलं काम?

साडेआठ महिने झाले. त्याची गाडी, तिच्यावर माझा नवरा. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "मागचा ब्रेक ढिला होता. मला माहीत होतं. तरी दिली मी गाडी." तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. सगळ्यांना वाटतं मला राग आहे. वाटू दे.

५ नोव्हेंबर

पडवीतल्या बुलेटवर मांजर झोपतं. बरोबर ॲन्सेल्मच्या जागेवर. हाकलवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळचे साडेसात. अंगणात कोणी नाही.

पूर्वी या वेळी चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून परतलं की अंगणात सहा गाड्या उभ्या असायच्या. सगळ्या जुन्या, एकही माझ्या लग्नानंतरची नाही! आमची बुलेट, बर्नार्डची दोन सायलेन्सरची येझ्दी, केनीची राजदूत, आणखी तीन. निघायच्या आधी पाऊण तास नुसतं बोलणं. कुणाचा प्लग काळा पडला, कुणाचं ऑइल गळतंय. माझ्या फरशीवर ऑइलचे डाग पडायचे आणि मी ओरडायचे. केनी म्हणायचा, "वहिनी, गळतंय म्हणजे आत आहे. ज्या दिवशी गळणार नाही त्या दिवशी काळजी करा." ते डाग अजून आहेत. मी आता घासत नाही.

त्यांची एक रीत होती. वज्रेश्वरीहून परत येताना पारोळजवळच्या चहाच्या टपरीवर थांबायचं, सगळ्यांनी आपापल्या चाव्या एका हेल्मेटमध्ये टाकायच्या, आणि न बघता एक उचलायची. जी हाताला लागेल ती गाडी शिरसाड फाट्यापर्यंत आपली. दुसऱ्याची गाडी चालवल्याशिवाय आपली कळत नाही म्हणे.

ॲन्सेल्म कधी चावी टाकायचा नाही. पंचवीस वर्षं एकच बुलेट चालवलेला माणूस. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाकी सगळ्यांच्या गाड्यांना बरोबर उलटं. "आपल्या वसईत दर दोन गावांमागे बोली बदलते," तो म्हणायचा, "पण माझ्या पायाला एकच बोली येते." मंडळी हसायची, चिडवायची. तो गालातल्या गालात हसून चहा पीत बसायचा.

त्या दिवशी त्याने चावी टाकली.

पुढे लिहीत नाही.

१३ नोव्हेंबर

दिनानाथ मेकॅनिक आला होता, उमेळ्याहून, सायकलवर. सत्तरीला टेकला तरी दर पंधरा दिवसांनी येतो, बुलेट चालू करून दहा मिनिटं तशीच ठेवतो. "बंद ठेवली की गाडी रुसते, बाय." सहाच्या सहा गाड्या त्याच्याच हातच्या.

आज मला म्हणाला, तुम्हीच मारा किक. शिकवलंही. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत न्यायची, हेडलाइटजवळच्या छोट्या घड्याळातली सुई मधे आली की थांबायचं. मग डाव्या हाताचा छोटा खटका दाबून किक जराशी पुढे, खटका सोडायचा, आणि मग सगळं वजन टाकून एक लाथ. "जोर नको. वेळ पाहिजे." पाचव्यांदा चालू झाली. तो आवाज! शॅनन आतून धावत आली. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण जे दिसलं ते मी लिहू शकत नाही. मग मला पाहून ती थांबली.

चहा पिताना दिनानाथने बशी खाली ठेवली.

"बाय, एक विचारू? बर्नार्ड असं का बोलतो?"

"कसं?"

"ब्रेक ढिला होता म्हणतो. आदल्या गुरुवारी मी स्वतः नवे लायनर टाकले त्यात. नंतर चाक उघडून पण बघितलं. एकदम ठीक होतं सगळं. पस्तीस वर्षांत माझ्या हातची गाडी थांबली नाही असं झालं नाही. आता पोरं म्हणतात, दिनानाथच्या हाताला कंप आलाय. कोण आणत नाय गाडी."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"पाय चुकला असेल," तो म्हणाला. "घाईत डावाच दाबला असेल, सवयीने. त्या गाडीत तिथे गिअर. दाबून धरला की क्लच सुटतो, गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पळते." मग माझ्याकडे वर पाहून, "पण ॲन्सेल्म कधी कोणाच्या गाडीवर बसायचा नाय. त्या दिवशी कसा काय बसला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

१४ नोव्हेंबर

माहीत नाही म्हणाले! त्याच्या हातातला कप बघत!

२१ नोव्हेंबर

दहावीच्या वह्या तपासत होते. रोझमेरी आली. बर्नार्डची बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तरी फाटकाबाहेरून विचारते, "येऊ का?" डब्यात गोड, तळलेले फुगे आणले होते. शॅननला आवडतात म्हणून.

बसली. इकडचं तिकडचं बोलली. नाताळचं, उमेळ्याला उठणाऱ्या नव्या टॉवरचं. मग एकदम म्हणाली, "तो गाडी भंगारात देतोय. तीस तारखेला, रविवारी, टेम्पो येणार आहे."

"विकत का नाही तो?"

"मी पण तेच म्हटलं. म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या घरी कशाला पाठवू?" ती पदराने डोळे पुसत नव्हती, नुसते वाहू देत होती. "पॉलिन, फेब्रुवारीपासून त्याने कम्युनियन घेतलेलं नाही. शेवटच्या बाकावर बसतो, सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जातात, हा बसून राहतो. मला लोक विचारतात. तू त्याला एक शब्द बोल. रागाचा बोल. पण बोल. तू काही बोलत नाहीस तेच त्याला खातंय."

मी डबा रिकामा करायला आत गेले. एकेक फुगा ताटात मांडत राहिले. बाहेर आले तेव्हा ती गेली होती.

शॅनन म्हणाली, "मी जाऊन बोलू अंकलशी? मला राग नाहीये त्यांचा." सतरा वर्षांची मुलगी. माझ्याहून केवढी मोठी!

२२ नोव्हेंबर

डबा रिकामा परत पाठवत नाहीत. काय भरू?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्चमध्ये नाताळच्या आधीचे कन्फेशन सुरू झाले. रांगेत पाऊण तास उभी होते. जाळीपलीकडे नवे फादर, आवाज कोवळा. मी सांगितलं: शाळेत मुलांवर ओरडले, प्रार्थनेत लक्ष नव्हतं, सासूबाईंविषयी वाईट विचार केला.

"आणखी काही?"

"नाही, फादर."

बाहेर येऊन सांगितलेल्या प्रार्थना म्हणायला गुडघे टेकले. एकही शब्द आठवेना. समोरच्या बाकावर कुणीतरी विसरलेली जपमाळ होती. तिचे मणी मोजत बसले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहायचं. या वहीला तरी.

१६ फेब्रुवारी. मी सहसा जायचे नाही, त्या दिवशी गेले. निळा पंजाबी ड्रेस, नवे बूट. बुलेटच्या मागे बसून वज्रेश्वरीपर्यंत. शेतात वालाच्या वेली होत्या, हवा गार होती, मी त्याच्या पाठीला गाल टेकून बसले होते. सुखी होते. हे पण लिहिलं पाहिजे. सुखी होते आणि तरी तसं बोलले.

टपरीवर हेल्मेट फिरलं. ॲन्सेल्मने नेहमीसारखं ते पुढे सरकवलं. कुणीतरी म्हणालं, "ह्याला वहिनींनी पण घाबरवून ठेवलाय." सगळे हसले. तो पण हसला. मी नाही हसले. मला त्याचं ते हसणं तेव्हा बावळट वाटलं. आता त्या हसण्यासाठी मी काय देणार नाही!

मी त्याच्या कानाशी वाकले. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "टाक ती चावी. सगळ्यांसमोर भित्र्यासारखा बसतोस. मला लाज वाटते तुझी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग खिशातून चावी काढून हेल्मेटमध्ये टाकली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या हाताला बर्नार्डची चावी लागली. मी मागे बसायला निघाले तर म्हणाला, "तू केनीच्या मागे बस. माझा पाय अजून शिकाऊ आहे."

हे त्याचं मला शेवटचं बोलणं. माझा जीव वाचवणारं.

वळणापलीकडे विटांचा ट्रक बंद पडून उभा होता. आम्ही मागेच होतो. केनीच्या खांद्यावरून मला सगळं दिसलं. ॲन्सेल्मचा डावा पाय खाली दाबला गेला. पुन्हा दाबला गेला. मागचा लाल दिवा लागलाच नाही. तो ब्रेक दाबत होता, देवा, जीव तोडून दाबत होता, जिथे ब्रेक नव्हताच तिथे.

केनी रस्ता बघत होता. मी एकटीने पाहिलं. आणि त्या संध्याकाळी बर्नार्ड म्हणाला ब्रेक ढिला होता, तेव्हा मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. रडता रडता, त्या पॅसेजमध्ये, सुटले असं वाटलं! मग तेच धरून बसले. एका माणसाला शेवटच्या बाकावर बसवलं, एका म्हाताऱ्याच्या हातावरचा लोकांचा विश्वास घालवला, आणि स्वतः पहिल्या ओळीत काळी साडी नेसून बसले. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला.

उद्या टेम्पो येणार.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिल्या मिस्साच्या आधी चालत गेले. डब्यात वाडीतली केळी. येझ्दी बर्नार्डच्या अंगणात उभी होती, नंबरप्लेट काढलेली, वाकलेलं चाक तसंच. तो ओट्यावर बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चावी, कान, लाज, डावा पाय. बोलताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याने माझ्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ऐकलं होतं मी."

"काय?"

"तू बोललीस ते. तुमच्या मागेच होतो, ग्लास ठेवत होतो. म्हणून तर ब्रेकचं बोललो. शॅननचा बाप गेला होता, पॉलिन. आई तरी राहायला पाहिजे होती."

आणि मग, "रोज खोटं जगतोय, मग कम्युनियन कसं घेऊ?"

मी दिनानाथचं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हे सुचलंच नाही मला."

"आज उमेळ्याला जायचं. दोघांनी. आणि तिथून आमच्याकडे, शॅननला सांगायला."

"शॅननला नको."

"तिलाच."

फाटकाबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.