वांग्यांची पिशवी

प्रिय बुसैना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या रिफअतच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकलेली माझी अक्षरं, मोठा शब्द आला की ठेचकाळतात. ‘प्रतिपिंडं’पाशी तर तव्यावरची भाकरी करपली. शेवटी आपल्या मल्लवी गावातल्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “मावशी, शरीराचे पहारेकरी असतात. कधी चुकून घरच्यांवरच काठी उगारतात.” दवाखान्यात बाहेर तयार केलेला गर्भ दोनदा तुझ्या पोटात ठेवला, दोनदा गेला. तुझ्या पहारेकऱ्यांनी रक्तात बारीक गुठळ्या करून त्याची वाट अडवली असावी, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खात्री देत नाहीत, पण उपाय आहे म्हणतात. मला तेवढं पुष्कळ झालं.

आता माझं ऐक. रिफअतशी तुझं लग्न होऊन बारा दिवस झाले होते, नवा चंद्र दिसायचा होता. तोवर नवरीच्या खोलीत कच्चं मांस किंवा वांगी घेऊन कुणी जायचं नाही, नाहीतर तिची कूस बांधली जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि मी बाजारातून आले ती वांग्यांची पिशवी हातात घेऊनच तुला खजूर द्यायला आत शिरले. दारात माझी नणंद अतियात. “वहिनी, बांधलीस की गं पोरीला.” ती बोलून मोकळी झाली, मी सहा वर्षं अडकले. पुढच्या शुक्रवारी, बांधलेली कूस सुटावी म्हणून, तुला सात वेळा वांगी ओलांडायला लावली, तेव्हा तू हसत म्हणालीस, “आई, नंतर यांची भाजी तरी करणार ना?” मला हसू आलं नाही. मग तुम्ही दोघं अलेक्झांड्रियाला राहायला गेलात, तिथून बोलावलंत की माझे गुडघे दुखायचे. गुडघे ठणठणीत आहेत, बाई. तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची भीती होती.

परवा अतियातला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, “पहारेकरी काय, बाधा काय, एकच.” मी म्हटलं, “बाधेवर सुई चालत नाही, अतियात. यावर चालते.” त्यावर तिनं चहाच संपवला.

सोमवारी गर्भ ठेवणार, मग गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटात सुई. तुझा हात थरथरतो आणि रिफअत सुई पाहूनच पांढरा पडतो, असं लिहिलंस. तो लहानपणापासून तसाच. तुझ्या सासऱ्यांना नऊ वर्षं इन्सुलिन मी टोचलं, एकदाही ‘आई गं’ म्हणाले नाहीत. तेव्हा रविवारच्या गाडीनं मी येते, ते कळवायला हे पत्र. तळाशी बारीक अक्षरात तू लिहिलंस, ‘येताना वांगी आणा, इथली कडू असतात.’ ते वाचून कळलं, माझ्या गुडघ्यांचं सोंग तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. बाळ राहणं देवाच्या हाती, सुई माझ्या. दार उघडशील तेव्हा पिशवी बाहेर ठेवणार नाही. हातात घेऊनच आत येईन.

तुझीच,
रिफअतची आई