पाइपवाल्याचा चहा

सर, गेल्या मंगळवारी बारावीच्या वर्गात माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं. महापालिकेचे निकाल लागून चार दिवस झाले होते, वर्गात तीच चर्चा चाललेली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, ज्याच्यात लोकांचा फायदा आहे त्यालाच लोक पाडतात, असं का करतात? मी एक सेकंदही विचार न करता म्हटलं, "याला म्हणतात अज्ञान. लिहून घ्या." शब्द तुमचे, आणि ते 'लिहून घ्या' म्हणताना टेबलावर बोट आपटायची सवयही तुमचीच. सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं. तिसऱ्या बाकावर मिठागराकडच्या वस्तीतून येणारी एक मुलगी बसते, तिनं तेवढं पेनाला टोपण लावलं. बाकी काही केलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आज रविवार. उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे, आणि तिथे मला जे बोलायचंय ते आधी तुम्हाला ऐकवायचंय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. तुमच्यासमोर दोन वर्षं गप्प बसले तेवढं पुष्कळ झालं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल असं वाटत नाही. मी अकरावीत होते, भाईंदर पूर्वेला मिठागराच्या कडेला आमची पत्र्याच्या घरांची वस्ती, पाणी टँकरचं. तेव्हा इथे नगरपालिका होती. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस वस्तीच्या तोंडाशी ट्रकभर पाइप येऊन पडले. खरेखुरे, लोखंडी, जाडजूड. उमेदवाराचं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे त्याला पाइपवालाच म्हणायचे. निवडून आलो की महिन्याभरात घरोघरी नळ, असं तो सांगत होता आणि खोटं बोलत नव्हता, कारण पलीकडच्या वॉर्डात त्यानं नळ आणून दाखवले होते. त्याच्या विरुद्ध उभा होता तो नुसताच गोडबोल्या. त्यानं जन्मात कुणाला बादलीभर पाणी दिलं नव्हतं. निकाल लागला आणि पाइपवाला पडला. आमच्याच वस्तीच्या मतांनी पडला. तिसऱ्या दिवशी ट्रक आला आणि पाइप उचलून घेऊन गेला, आम्ही सगळे दारात उभं राहून बघत होतो.

त्याच दिवशी वर्गात तुम्ही मागणी-पुरवठा बाजूला ठेवून यावर बोललात. ज्या वस्तीच्या दारात पाइप येऊन पडले होते त्या वस्तीनंच पाइपवाल्याला पाडलं, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा मारून घेतला, याला म्हणतात अज्ञान, लिहून घ्या. वर्ग हसला. मीही लिहून घेतलं, चांगल्या अक्षरात, खाली पट्टीनं रेघ ओढून. वर्गात कुणाला मी कुठे राहते ते माहीत नव्हतं, विचारलं तर स्टेशनजवळ म्हणायचे. तुमच्या बोलण्याचा राग आला नाही मला त्या दिवशी, हे जास्त वाईट. राग आला आईचा.

घरी आले ती तणतणतच. आई शिक्का कुणावर मारून आली होती ते मला माहीत होतं, तिनं लपवलं नव्हतं. दोन घरची धुणीभांडी करून येऊन ती भाकऱ्या थापत बसली होती, आणि मी वही उघडून तिला वाचून दाखवलं. अर्थशास्त्राचे सर म्हणतात, असं म्हणून दाखवलं. तुम्ही लोक अडाणी आहात म्हणून आपल्याकडे नळ नाही, असंही वर माझ्या पदरचं घातलं. 'तुम्ही लोक' म्हणाले मी, सर, माझ्या आईला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तिच्या त्या लातूरकडच्या बोलीत शांतपणे म्हणाली, "ज्याला माझ्या घरचा घोट चालंना, त्यो माझ्या घरापातुर नळ कशाला आणील? पहिल्या आळीतच थांबला असता त्यो नळ. आन् आला असता तरी, ते पाणी पिताना मला रोज त्याचं तोंड दिसलं असतं."

घोट कसला ते सांगते. मतदानाच्या आधीच्या रविवारी पाइपवाला वस्तीत फिरला होता. दहाबारा माणसं मागेपुढे, गळ्यात हार. दोन-तीन घरांत बसणार असं आधीच कळवलं होतं, त्यात आमचं घर होतं, कारण बायकांमध्ये आईचा शब्द चालायचा. आईनं सकाळपासून तयारी केली. चहा म्हणजे एरवी आमच्याकडे कोराच असायचा, त्या दिवशी दूध आणलं. बशीसकट कप दोनच होते, ते राखेनं घासले. साखर दुप्पट. तो आला, पत्र्याच्या ट्रंकेवर बसला, नळाचं बोलला. बोलता बोलता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे तथागतांची तसबीर होती, तिच्यामागे निळं कापड. त्यानं कप उचललेला होता, तो तसाच खाली ठेवला. "आत्ताच घेतलाय, ताई," म्हणाला आणि उठला. ठीक आहे, माणसाला होतं असं, दिवसभर चहाच चहा. पण तिथून तो समोरच्या किराणावाल्याकडे गेला आणि उंबऱ्यावर उभं राहूनच ताकाचा अख्खा पेला प्यायला, आणि वर अजून अर्धा मागितला. आमच्या दारातून सगळं दिसत होतं. त्या कपाकडे न बघताच आईनं मला सांगितलं, "मोरीत ओत त्यो."

आता तुम्ही म्हणाल, भावनेच्या भरात केलेलं मतदान. वर्गात हा शब्दही तुम्ही वापरायचात. मग ऐका पुढे. नळ नाही म्हणजे टँकर, आणि टँकर आता यायला लागला सकाळी सातला, माझं कॉलेजही सकाळी सातचं. आई त्या वेळी कामावर. म्हणजे हंडे घेऊन रांगेत कोण? मी. आधी आठवड्यातून एकदा दांडी, मग दोनदा, मग मी यायचीच बंद झाले. आईच्या शिक्क्याची किंमत मीच मोजत होते, सर, वहीतलं तुमचं वाक्य शब्दशः खरं ठरत होतं आणि मी घरात आईशी धड बोलत नव्हते. तेव्हा एका दुपारी तुम्ही आलात. ऑफिसातून पत्ता काढून, विचारत विचारत, चिखलातून पॅन्ट वर दुमडून. हातात बुडालेल्या तासांच्या नोट्स होत्या, तुम्ही स्वतःच्या हातानं माझ्यासाठी उतरवून काढलेल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं.

तुम्ही त्याच ट्रंकेवर बसलात. आईनं तोच कप काढला. दूध नव्हतं, कोरा चहा, साखरही जेमतेम. तुम्हाला भिंत दिसत होती, तुम्ही तिकडे बघितलंतही, आणि बोलता बोलता चहा संपवलात. बशीत सांडलेला होता तोही प्यायलात. मग कप पुढे करून म्हणालात, "अजून असेल तर अर्धा घेईन, चालून दमलोय." आईनं स्वतःच्या वाटणीचा ओतला. तुम्हाला, सर, तो अर्धा कप फार तर दोन मिनिटांचा असेल. तुम्ही गेल्यावर आई बराच वेळ कप हातात धरून बसली होती. तुम्ही तेच सर, अज्ञानवाले, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "माणूस चांगला हाय गं. त्याला ठावं न्हाई, एवढंच." आणि दुसऱ्या दिवशी तिनं सकाळचं एक घर सोडलं, टँकरच्या रांगेत स्वतः उभी राहिली आणि मला कॉलेजला हाकललं. गेलेला पगार भरून काढायला दुपारी खोट्या दागिन्यांच्या माळा ओवायला लागली. चार वर्षं तिनं पाणी वाहिलं. नळ आला तेव्हा तिची कंबर कामातून गेली होती.

म्हणजे बघा. ज्या मापानं तिनं पाइपवाल्याला पाडलं, त्याच मापानं तिनं तुम्हाला निवडलं. दोन्ही वेळा तोटा तिचाच झाला, आणि किती होणार हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं, कारण हंडा तिच्या डोक्यावर होता. एका वेळेला तुम्ही त्याला अज्ञान म्हणालात आणि दुसऱ्या वेळेला, मी बारावीला पहिली आले तेव्हा, सत्कारात म्हणालात की धन्य ती माउली. कुठलं तरी एक ठरवा ना, सर. आणि स्वतःचं काय? सगळे मास्तर घरी शिकवण्या घेऊन फ्लॅट घेत होते, तुम्ही रिटायर होईपर्यंत एक शिकवणी घेतली नाहीत. तुमच्या बायकोला ते पटत नव्हतं हे सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. तुमच्या तोट्याला लोक तत्त्व म्हणायचे, माझ्या आईच्या तोट्याला तुम्ही अज्ञान म्हणालात. पेन ज्याच्या हातात तो नाव ठेवणार, असंच ना?

मी काही खुळी नाही. पोटाच्या विरुद्ध मत देणारा प्रत्येक जण माझ्या आईसारखा असतो असं मी म्हणत नाहीये. आता मी इथेच भाईंदरला, इंद्रलोक भागात राहते, चौदाव्या मजल्यावर. टँकर आमच्या सोसायटीलाही येतो, फक्त हंडे घेऊन कुणी उभं राहत नाही. इथले काही लोक दुसऱ्याचं वाईट होतंय ना, मग आपलं थोडं झालं तरी हरकत नाही, अशा हिशोबानं मत देतात, आणि लिफ्टमध्ये हसत हसत तसं बोलूनही दाखवतात. त्यांचा मला संताप येतो. पण तेही अडाणी नाहीत हो. चांगले शिकलेले आहेत, त्यातले दोन तर तुमचेच विद्यार्थी. त्यांना काय हवंय ते त्यांना पक्कं कळतं, ते तुमच्या पुस्तकात बसत नाही एवढंच. माणसाला काय हवंय हे त्याला न विचारता आपण ठरवून टाकायचं, आणि मग तो तसा वागला नाही की त्याला शून्य मार्क द्यायचे, हे काही अर्थशास्त्र नव्हे. मी ते तेवीस वर्षं शिकवतेय. चुलीत जाऊ दे ती व्याख्या.

आई बरोबर होती का, हे मला आजही सांगता येत नाही. नळ खरंच पहिल्या आळीत थांबला असता की आमच्या मोरीपर्यंत आला असता, कुणास ठाऊक. गोडबोल्यानं तर काहीच केलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत तिला अंथरुणातून उठवताना मी कितीदा मनात म्हटलंय, मारला असतास शिक्का त्या मेल्यावर तर काय बिघडलं असतं. हे मी मनात म्हटलंय, तोंडावर कधी नाही. तोंडावर मी फक्त एकदाच बोलले, वही हातात घेऊन, आणि त्याची माफी मागायची राहून गेली. तीही गेली, तीन वर्षं झाली.

आणि तुमच्यावर एक राग आहेच. वस्तीच्या तोंडाशी पाइप पडल्याच्या खुणा तेव्हा अजून चिखलात होत्या. तुम्ही त्या ओलांडून आलात. ही तीच वस्ती हे तुम्हाला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. मग पुढच्या तासाला तो शब्द परत का नाही घेतलात? चहा प्यायलात, नोट्स दिल्यात, माझं आयुष्य मार्गी लावलंत, सगळं केलंत. पण ते वाक्य वहीत तसंच राहिलं आणि पस्तीस वर्षांनी माझ्या तोंडातून बाहेर पडलं. उद्या मी ते परत घेणार आहे. भर वर्गात, सगळ्यांना पान उघडायला लावून, त्या वाक्यावर रेघ मारायला सांगणार आहे. आईची गोष्ट सांगणार, माझी वस्ती कुठली तेही सांगणार. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं टोपण काढलं नाही तरी चालेल.

हे सगळं मी उद्या सांगेन, पण एक गोष्ट वर्गात सांगणार नाही, आईलाही कधी सांगितली नाही. म्हणून हा कागद मी जाळणारही नाही आणि कुणाला दाखवणारही नाही, तुमच्या त्या नोट्सच्या गठ्ठ्यात खाली सरकवून ठेवणार आहे. त्या रविवारी आईनं पाइपवाल्याचा कप मोरीत ओतायला सांगितला होता ना, तो मी ओतला नाही. मोरीच्या आडोशाला उभी राहिले, तिला ऐकू जावं म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि चहा एका दमात पिऊन टाकला. दुधाचा होता, सर, आणि साखर दुप्पट. फार गोड लागला.