वीस जणांचा रस्सा

२५ फेब्रुवारी, सोमवार

वजन १०३ पौंड. खाल्लं — अर्धा कप दूध, दोन चमचे पेज, बाकी नकार.

ही वही नर्सबाईंनी दिली. माझ्या बायकोनं, अर्लीननं, रोज काय खाल्लं, किती खाल्लं ते लिहायचं म्हणाल्या. लिहीन. पण जागा उरते आहे, तर बाकीचंही लिहीन. अर्लीनपुढे बोलता येत नाही, आणि गुराढोरांशी बोलायची सवय ढोरं विकली तेव्हाच सुटली.

डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. किरणं देऊन झाली, गाठ गेली, हे चांगलं झालं. पण घसा आतून भाजून निघालाय. ती खात नाही. आठ एप्रिलला परत काट्यावर उभी करणार. शंभराच्या खाली गेली तर पोटाला भोक पाडून नळी घालायची.

लाफाएतच्या इस्पितळातून निघालो. आमच्या वळणावर आलो तेव्हा जो काही आवाज उरलाय त्यात म्हणाली, "नळीनं तेल प्यायला मी काय ट्रॅक्टर आहे?"

हसलो. 

२६ फेब्रुवारी, मंगळवार

डबाबंद दूध, व्हॅनिलाचं. एक घोट. बाकीचं सिंकमध्ये गेलं — मी बघत नाही असं समजून.

काय खावंसं वाटतं, विचारलं. "मणक्यांचा रस्सा."

डुकराच्या पाठीच्या मणक्यांचा. तिच्या हातचा असा की सासूबाईसुद्धा गप्प बसायच्या. मी म्हटलं, अगं पण करणार कोण? तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

सेहेचाळीस वर्षांत या स्वयंपाकघरात मी कॉफीशिवाय काही केलेलं नाही. इथं तिचं राज्य. मी रांधतो ते बदकांच्या शिकारीच्या तळावर, बाहेर, पुरुषांत. तिथं माझं नाव आहे! पण तिथं तक्रार करायला बायका नसतात.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

रस्सा — तीन चमचे. भात — एक.

लिहायचं तर सगळं लिहू. मणके हॅड्लीनं दिले. हॅड्ली फुझलिए, तळावरचा माझा चाळीस वर्षांचा सोबती, तोच डुकरं पाळतो. पैसे काढले तर म्हणाला, "व्हिल्टन, खिशात हात घातलास तर तुझ्याच मणक्यांचा रस्सा करीन."

अर्लीन झुलत्या खुर्चीत, चुलीपासून चार हातांवर. आवाज नाही म्हणून हातात लाकडी चमचा. खुर्चीच्या दांडीवर एकदा ठक म्हणजे ढवळ. दोनदा म्हणजे आच कमी. तीनदा म्हणजे काय ते मी विचारलंच नाही, तोंडावरून कळत होतं.

बिडाच्या भांड्यात तेल, तेलात पीठ, आणि ढवळत राहायचं. हा आमचा रू. तांब्याच्या पैशाचा रंग येईपर्यंत भांड्यापासून हलायचं नाही, मग दारात कोणी येवो. मी हललो. टेलिफोन वाजला म्हणून दोन पावलं गेलो फक्त. परत येतो तर काळे ठिपके. ठिपके दिसले की संपलं, अख्खं भांडं ओतून द्यायचं. यावर या मुलखात कोणी वाद घालत नाही. ओतलं. दुसऱ्यांदा आच जास्त झाली, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा टेलिफोनची वायरच काढून ठेवली.

तिसरा जमला. कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, मग मणके. तीन तास मंद आचेवर. मांस हाडावरून आपोआप सुटलं. मीठ चिमूटभर, लाल तिखट अजिबात नाही, कारण तिचं तोंड सगळं सोललंय. माझ्या ताटात मी वरून घेतो.

तिनं घास घेतला. डोळे मिटून गिळला. मी श्वास धरून उभा.

"छान झालंय."

अर्लीन! जिनं लग्नाच्या जेवणातसुद्धा स्वतःच्या आईला "रू कच्चा राहिलाय" म्हणून सांगितलं होतं! मी अंगणात जाऊन एक चक्कर मारून आलो. छाती फुगून दारातून आत मावेना.

मग भांड्यात बघितलं. काठोकाठ. अकरा पौंड मांस होतं. तळावर आम्ही वीस जण असतो, माझा हात वीस जणांचाच.

१ मार्च, शुक्रवार

रस्सा — चार चमचे.

उला मेकडे एक पातेलं दिलं. शेजारीण, विधवा, वय ब्याऐंशी, कानानं कमी आणि तोंडानं जास्त. हॅड्लीकडे एक. तरी फ्रिजमध्ये खालचा कप्पा भरलेलाच.

४ मार्च, सोमवार

वजन १०२. अर्लीन म्हणाली, तूही उभा राहा काट्यावर. राहिलो. २०८. "लिही वहीत," म्हणाली. लिहिलं.

आज दोघांपुरता करायचा ठरवला होता. दोन कांदे चिरले. फळीवर ते दोन कांदे बघून अशी लाज वाटली, जसं काही पाहुण्याला दारातूनच परत पाठवतोय. आणखी दोन घेतले. मग आणखी चार. पुढचं सांगायला नको.

५ मार्च, मंगळवार — मार्दी ग्रा

उपासाचे दिवस लागण्याआधीचा शेवटचा मौजेचा दिवस. गावातले स्वार आले. मुखवटे, चिंध्यांचे कपडे, घोडे, दारू सकाळपासूनच. दरवर्षीप्रमाणे अंगणात नाचून कोंबडी मागितली, मी सोडली, दोघं चिखलात पडले तिच्यामागे. अर्लीन खिडकीत शाल घेऊन. त्यांच्या कप्तानाला ती दिसली. त्यानं सगळ्यांना गप्प केलं, टोपी काढली, आणि बाकीच्यांनीही मुखवटे वर केले. कोण कोण ते दिसलं. निम्म्या पोरांना हिनं शाळेत बेरजा शिकवल्या आहेत.

देवाचे आभार, अशा गावात राहतो.

६ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. कपाळावर राख, मांस नाही. लेंट सुरू, ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, दर शुक्रवारी मांस बंद. बटाट्याचं सूप — दोन चमचे.

११ मार्च, सोमवार

ती १०१. मी २१३.

कारण असं. भरलेलं भांडं दिलं की रिकामं परत करत नाहीत. उला मेचं पातेलं आलं ते अंजिराच्या मुरंब्यासकट. हॅड्लीचं आलं ते भाताच्या सॉसेजनं भरून, वर अंडी. मी पुन्हा रस्सा करतो, वीस जणांचा, पुन्हा वाटतो, पुन्हा भांडी भरून येतात. फ्रिजचं दार लागत नाही, खुर्ची टेकवून ठेवली आहे. ती खात नाही म्हणून मी तिच्या वाटणीचंही खातो. एका घरात एक झिजतंय आणि एक सुजतंय!

तक्रार करतोय असं वाटेल. नाही. रात्री दार लावताना कोणाकोणाचं काय आलं ते मोजतो आणि झोप लागते.

१४ मार्च, गुरुवार

रस्सा — पाच चमचे. "छान झालंय." दर वेळी म्हणते आता.

डॉक्टर म्हणाले होते, किरणांनी पुष्कळांची चव जाते, खाणं म्हणजे ओला पुठ्ठा चावल्यासारखं होतं. हिची गेली नाही. मी विचारलं, लागते ना चव? मान डोलावली. एवढं तरी देवानं राखलं. नशीब म्हणायचं.

१८ मार्च, सोमवार

१००.

पुन्हा उभी केली. १००. काटा जमिनीवर सरकवून पुन्हा. तेच.

माझं लिहीत नाही आज.

२० मार्च, बुधवार

एक चमचा. मग तोंड फिरवलं.

मी ओरडलो. इतकी वर्षं कधी ओरडलो नाही असं नाही, पण आजारी माणसावर! म्हटलं, तीन तास उभा राहतो, तुला चमचाभर जात नाही? तिनं चमचा खाली ठेवला आणि हात मांडीवर. हाताकडे बघितलं. अंगठी बोटात सैल झाली म्हणून तिनं दोऱ्याचे वेढे देऊन बसवली होती. केव्हा केलं, मला कळलंही नाही.

मग माझं तोंड आपोआप बोलून गेलं. "अर्लीन, मला भीती वाटते. तू गेलीस तर मी वीस जणांचं शिजवून एकटा बसू का?"

तिनं हात पुढे केला. मग माझी बाही ओढून मला खाली बसवलं. भांडी मी सकाळी घासली.

२२ मार्च, शुक्रवार

एक वाडगा! पूर्ण! वाडगा, चमचा नव्हे!

दुपारी स्वतः म्हणाली, वाढ. भात कुस्करून त्यावर रस्सा. घास, पाणी, घास, पाणी. पाऊण तास लागला. कपाळावर घाम आला होता तिच्या, जसं काही डोंगर चढतेय.  समोर बसून मीही दोन वाडगे रेटले, नुसत्या आनंदात. उला मे मुरंब्याची बरणी घेऊन आली, तिलाही वाढला. तिनंही खाल्ला, हाडं चोखली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून किंचाळली.

शुक्रवार! लेंटचा शुक्रवार! डुकराचं मांस, तीन कॅथलिक, भरदुपारी!

माझ्या हातातून चमचा पडला. जन्मात कधी झालं नव्हतं. आई असती तर उंबऱ्याबाहेर काढलं असतं. दिवस मोजतो ते सोमवार ते सोमवार, काट्यापुरते, मधले वार कुठं गेले कळलंच नाही. उला मे छातीवर क्रूस काढत बसली. दोन चमचे उरले होते ते मी उचलायला गेलो तर अर्लीननं वाडग्यावर हात ठेवला.

"देवाला सांग, त्यानं माझ्या जागी काट्यावर उभं राहावं."

आणि ते दोन चमचेही संपवले.

२४ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरना गाठलं. सगळं सांगितलं. म्हणाले, आजारी माणसाला उपास लागू नाही, अर्लीननं निर्धास्त खावं, शुक्रवारीसुद्धा. जीव भांड्यात पडला.

"आणि तू कुठं आजारी आहेस?"

मी म्हटलं, फादर, मी विसरलो. म्हणाले, विसरलास तर पाप नाही, पण दोन वाडगे म्हणजे फार मनापासून विसरलास. प्रायश्चित्त म्हणून दर गुरुवारी गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना रस्सा पोचवायचा. सहा घरं सांगितली. वर म्हणाले, सातवं माझं.

उला मे म्हणते, तिनं एकच वाडगा खाल्ला, तर तिला प्रायश्चित्त अर्धं हवं. तिला गाडीत शेजारी बसवणार आहे, भांडी सांभाळायला.

२५ मार्च, सोमवार

१०१. रोज एक वाडगा. मी २१९.

२८ मार्च, गुरुवार

सहा घरं झाली. पुलाजवळच्या त्या घरातला म्हातारा, मिस्टर ऑबे, सांगत होता की बायको गेल्यापासून गरम जेवण तिसऱ्यांदा. भांडं परत द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. दारामागून विणलेली जाळी काढून दिली, मासेमारीची, स्वतःच्या हातची. नको म्हणवेना. घेतली.

वीस जणांचा हात आता बरोबर पुरतो. देवाचा हिशोब माझ्या डोक्याबाहेरचा आहे.

१ एप्रिल, सोमवार

१०१. जागचं हलत नाही. एवढं खाऊनही!

घाबरलोय. तिला सांगत नाही. तिलाही कळतंय. आज दोन वाडगे मागितले. दुसरा उलटीतून बाहेर पडला. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, अर्धा वाढ पुन्हा. मी नको म्हटलं. तिनं चमच्यानं खुर्चीवर ठक केलं. एकदा.

ढवळलं, वाढलं.

५ एप्रिल, शुक्रवार

तिला रस्सा, मला वाटाणे. फादर समोरून जात होते म्हणून खिडकीतून ताट उचलून दाखवलं.

८ एप्रिल, सोमवार

लाफाएतला गेलो. हॅड्ली पुढं, गाडी तोच चालवत होता. काट्यावर चढताना तिनं बूट काढले. मी म्हटलं, राहू देत की! नर्सबाई हसल्या.

१०३.

सुरुवातीला होती तेवढीच. डॉक्टरांनी दोनदा वही चाळली. "रस्सा, रस्सा, रस्सा," वाचून विचारलं, यात असतं काय? हॅड्ली म्हणाला, माझं डुक्कर. डॉक्टर म्हणाले, नळी नको. आहे तेच चालू ठेवा.

बाहेर आल्यावर हॅड्लीनं तोंड फिरवून नाक शिंकरलं. म्हणतो, परागकणांचे दिवस आहेत. माझेही परागकण वाहिले.

हॅड्ली, उला मे, फादर, सहा घरं, मुखवटेवाली पोरं, सगळ्यांचा ऋणी आहे. इथं लिहून ठेवतो, कारण तोंडावर म्हणालो तर चिडवतील.

१५ एप्रिल, सोमवार

१०४. रोजचाच वाडगा, रोजचंच "छान झालंय." मी २२१. डॉक्टरांनी आता माझ्यासाठी वही द्यायची भाषा केली आहे.

२१ एप्रिल, ईस्टर

पहिल्या घासाला अर्लीन थांबली. तोंड वाकडं केलं. घसा दुखला वाटून मी उठलो. तिनं आणखी एक घास घेतला, तोंडात घोळवला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अळणी आहे रे."

मला आधी उमगलंच नाही. मग विचारलं, आणि इतके दिवस?

"जानेवारीपासून कशाचीच चव नव्हती, व्हिल्टन. ओला पुठ्ठा."

मीठ आणायला उठलो. बरणी समोर होती, तरी बराच वेळ सापडली नाही.