साहेबांना आज न्यायला येतायत

अहो,

माझं सकाळचं मौन चालू आहे, तुम्हाला हाक मारून उठवता येईना, म्हणून लिहून ठेवते. ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, दुपारी येईन.

डॅशहंड कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या त्या बाई अकराच्या सुमारास आपल्या साहेबांना न्यायला येतील. नवीन घरची माणसं चांगली आहेत, अंगणही आहे.

त्यांना नीट सांगा, याला सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, लांब पाठीला झेपत नाही. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे. गोळीसाठी तोंड उघडत नाही, गाणं म्हटलं की उघडतो. (तुम्ही म्हणता ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं.)

तुमचा तपकिरी स्वेटर त्याच्याबरोबर द्या. त्यानेच टोपलीत ओढून नेला म्हणालात, पण बाह्या छान घडी घातलेल्या होत्या!

"तात्पुरता सांभाळायला आणलाय, उगाच जीव लावून बसू नकोस," असं तुम्हीच मला बजावलं होतंत. काल रात्री तुम्ही ताटावरून तसेच उठलात.

देणं जमलं तर हसून द्या. नाहीच जमलं, तर बाईंना तसं मोकळेपणाने सांगा. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय, ती मंडळी दुसऱ्या कुत्र्यासाठी थांबायला तयार आहेत.

रोज दिव्यापुढे मी त्याच्यासाठी कायमचं घर मागते. कुणाचं, ते देवाला अजून सांगितलेलं नाही.

— मी