डावीकडची सीट

शनिवार, ९ मार्च

सांगून टाकलं एकदाचं! गाडीत शर्यतीसाठी बदल करून घेणार म्हणून. मुद्दाम जेवताना सांगितलं. लोरेन भडकलीच असती तर तोंडातला घास संपेपर्यंत तरी वेळ मिळाला असता.

भडकली नाही. "साठीच्या आत कर म्हणजे झालं," म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

इतकं सोपं? गाडीचं कापडी छत गळतं, केस भिजतात, पाठ धरते — इतकी वर्षं हेच ऐकतोय मी. तरी दर रविवारी गाडीतून फिरायला यायची मात्र. का यायची, देव जाणे.

रविवार, १७ मार्च

सकाळपासून गॅरेजमध्ये. पुढची काच निघाली, स्टेपनी निघाली, गालिचे निघाले. वजन उतरवायचं तर दयामाया नाही. हीच गाडी माझ्या दोस्ताने, डेसने, आणि मी ह्याच फरशीवर, खोकी फोडून, पुस्तकात बघत बघत जोडली होती. जोडायला दोन हिवाळे गेले. सोडवायला एक सकाळ!

मग डावीकडची सीट. एक बोल्ट गंजला होता, त्याने जीव खाल्ला. सीट उचलून खाली ठेवली तेवढ्यात लोरेन चहा घेऊन आली. सीटकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली.

"अगं, तुला तर ती कधी आवडलीच नाही."

"तिच्यावरच बसले होते ना मी."

"कधी?"

"कधी काय विचारतोस," म्हणाली आणि आत गेली. दोन्ही कप माझ्या हातात.

मी मागोमाग गेलो. स्पष्ट सांगितलं — तुला नको असेल तर आत्ता सीट परत बसवतो, शर्यत गेली खड्ड्यात. तर म्हणे, "नाही, कर तू. तुझा हक्क आहे." हक्क? कसला हक्क? मी काय कोर्टात उभा आहे?

शुक्रवार, २२ मार्च

डोक्यावर लोखंडी पिंजरा बसवल्याशिवाय क्लब गाडीला ट्रॅकवर सोडत नाही. म्हणजे वेल्डिंग आलं. म्हणजे डेस आलाच, वेल्डिंग त्याचंच काम. गाडी तयार झाली त्या उन्हाळ्यातच त्याचं येणं बंद झालं होतं. ग्रिम्सबीला काम लागलं, एवढंच कानावर आलं. आज फोन केला.

लोरेन इस्त्री करत होती. "डेसला फोन केलास? तू?"

"मग कुणाला करू? चर्चच्या पाद्र्याला?"

इस्त्री तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तू खरंच मोठ्या मनाचा आहेस, क्लाइव्ह." माझा निळा शर्ट जळता जळता वाचला.

शनिवार, ३० मार्च

डेस आला. केस गेले, पोट आलं. हातात पोर्कची पेस्ट्री आणि व्हिस्कीची बाटली — नाताळ असल्यासारखं! दारातच उभा.

"तू कधी फोन करशील असं वाटलं नव्हतं रे."

"का? फोनला काय झालंय माझ्या?"

मोठ्याने हसला. मग डोळे पुसले. मी विनोद केला नव्हता.

काम मात्र झकास. नळ्या वाकवणं, टाके मारणं, हात अजून तसाच आहे. लोरेन दिवसभर बाहेर आली नाही. दुपारी सँडविच खिडकीतून दिलं.

शनिवार, ६ एप्रिल

पिंजऱ्याला पिवळा रंग दिला. लोरेनने. मी सांगितलंही नव्हतं.

रविवार, १४ एप्रिल

झाला गाढवपणा! क्लबचा तपासनीस पिंजऱ्याच्या मागच्या कमानीपासून पुढच्या टोकापर्यंत काठी धरतो. चालवणाऱ्याचं डोकं काठीच्या खाली हवं. मी माप घेतलं होतं ते कापडी टोपी घालून. आज डेससमोर हेल्मेट चढवून बसलो, लोरेनने झाडूची दांडी आडवी धरली — तर हेल्मेट दोन बोटं वर.

डेस म्हणाला, "पाय कापून घे, स्वस्तात होईल."

लोरेन म्हणाली, "डोकं काप. तसं रिकामंच आहे."

दोघं पोट धरून हसले. आणि मग एकदम गप्प झाले. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं.

मनात पाल चुकचुकली. छे! आमचा डेस? विचारायचं तरी काय? हसलात का म्हणून? की थांबलात का म्हणून? पण लोरेन गेली तर मी ह्या घरात काय करू? ह्या गाडीचं काय करू? रात्रभर तेच.

शनिवार, २७ एप्रिल

माझी सीट खाली घेतली, थेट तळाच्या पत्र्यावर. हेल्मेट आत. आता बॉनेटपलीकडचं निम्मंच दिसतं, पण नियमात बसलो.

निघताना डेसने हात धरून ठेवला. "तुझ्या जागी मी असतो तर मला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

"का रे? वेल्डिंग तर बरं केलंस."

परत हसला. परत डोळे पुसले. माझ्या भोवतीची माणसं बिघडलीत की मीच?

शुक्रवार, १० मे

राहवेना. विचारलंच. "लोरेन, तू मला सोडून जाणार आहेस का?"

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आता? आता कशाला जाईन मी?"

आता! म्हणजे आधी जाणार होती? उद्या शर्यत आहे आणि माझं डोकं ह्यात अडकलंय.

शनिवार, ११ मे

तपासनिसाने काठी धरली, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. "चालेल. खोकू नका." मागे नवशिक्याचा पिवळा चौकोन चिकटवला, त्यावर काळी फुली.

शेवटून दुसरा आलो. शेवटच्याचं इंजिन बंद पडलं होतं. पण दुसऱ्या वळणावर एका निळ्या गाडीला आतून मागे टाकलं! टाकलंच! लोरेन कुंपणावर चढून ओरडत होती म्हणे. उतरल्यावर हेल्मेटसकट मिठी मारली.

बाकीचं आज लिहवत नाही.

रविवार, १२ मे

काल परतताना गाडी मागे ट्रेलरवर, आम्ही दोघं भाड्याच्या व्हॅनमध्ये. ऊबदार, शांत. लोरेन म्हणाली, "गाडी तयार झाली त्या उन्हाळ्यात, एका रविवारी स्केगनेसहून येताना तुला डेसचं आणि माझं सगळं सांगितलं. बॅग भरून ठेवली होती मी. तू नुसती मान हलवलीस, गुडघ्यावर थोपटलंस आणि गाडी चालवत राहिलास. पुन्हा कधी शब्द काढला नाहीस. म्हणून राहिले मी."

आमच्या गाडीत वेग घेतला की शेजारच्याचं अक्षर ऐकू येत नाही. नुसतं वारं आणि इंजिन. ती काही बोलली की मी मान हलवायचो. थंडी वाजतेय म्हणत असेल, असं धरून चालायचो.

मी तिला माफ केलं होतं. मला काल कळलं.

तिला काय सांगू? पुढे लाल दिवा होता. मी मान हलवली.